बावीस मिलिमीटर

औषध चालू असेपर्यंत पाच दिवस दूध बंद. उन्हात फिरायचं नाही. एकही दिवस चुकवायचा नाही.

संमतीपत्रावर निळ्या शाईचा अंगठा.

न सोललेला नारळ, शेंडीला लाल दोरा.

काचेच्या बशीत जंतूंचा दुधाळ थर. मधोमध बावीस मिलिमीटरचं वर्तुळ. त्यात एकही जंतू नाही.

किशोरी दर गुरुवारी गुडघा चोळून घ्यायला येते.

*

"च्या थंड होता," अक्का म्हणाल्या. "आधी पी. मगे सांग."

रसिकाने कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. धामापूरला अक्कांच्या खळ्यात येऊन तिला अर्धा तास झाला होता आणि अजून ती पावसापाण्याचंच बोलत होती.

सोमवारी समितीसमोर तिला झाडाचं नाव सांगायचं होतं. नाव नसेल तर पीएच.डी.चं तीन वर्षांचं काम तिथेच थांबणार होतं. "इतका स्पष्ट परिणाम मी आजवर कुठल्याच वनस्पतीत पाहिला नाही," सर म्हणाले होते. "आता फक्त नाव आणा."

लावणीच्या दिवसांत येणाऱ्या तापावर अक्का मुळाची पुडी देत. पंचक्रोशीत त्या पुडीवर लोकांचा जीव. पैसे घ्यायचे नाहीत हा नेम. बरं वाटलं की माणसाने उंबऱ्यावर नारळ ठेवायचा. झाडाचं नाव मात्र त्या कोणाला सांगत नसत; रसिकाने उघड विचारलं तेव्हाही नाही. सांगितलं तर गुण जातो.

ऑगस्टमध्ये रसिका ताप आला म्हणून इथे आली होती. गाडीतून उतरण्याआधी तिने गरम पाण्याची पिशवी कपाळावर धरून ठेवली होती. अक्कांनी कपाळ चाचपलं, चुकचुकल्या, पाच पुड्या दिल्या आणि पथ्य दोनदा सांगितलं. पुड्या थेट प्रयोगशाळेत गेल्या. सहाव्या दिवशी रसिकाने उंबऱ्यावर नारळ ठेवला. तेव्हा अक्कांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला होता. तो हात तिला अजून जाणवायचा.

पुडीच्या अर्काने वर्तुळ उठवलं. मग तिने अक्कांच्या नकळत मागच्या परड्यातली मुळं खणून नेली. अकरा प्रकारची. खणताना राखेच्या ढिगात लाल, बारीक काहीतरी चमकलं होतं. फुटकी बांगडी असेल म्हणून तिने पाहिलं नाही. अकरांपैकी एकाचंही वर्तुळ उठलं नाही. पुडीला पिवळी झाक होती म्हणून तिने हळदही तपासली. काही नाही.

"काय गो डॉक्टरीण, झाड गावला?"

गावची आशाताई किशोरी मागच्या दाराने आली होती. खांद्याला फुगलेली कापडी पिशवी.

"नाय," रसिका म्हणाली.

"आमच्या तापाच्या फुकट कॅप्सुली लोका शेणाच्या खड्ड्यात टाकतत," किशोरी म्हणाली, "आणि हिची पुडी देव्हाऱ्यात ठेवतत. आता सांग, तुमचा शास्त्र खंय गेला?"

"गुडघो दुखता मां तुझो?" अक्का म्हणाल्या. "मगे तोंड इतक्या कित्या चलता? पिशवी आत ठेव, नि वायच पड. मी येतंय."

किशोरी हसत आत गेली. ओटीच्या भिंतीवर अक्कांच्या मुलाचा, सदानंदाचा फोटो होता. हार ताजा होता.

रसिकाने मान खाली घातली. "अक्का, माका ताप नव्हतो."

अक्कांनी तिचा निवलेला कप बाजूला सरकवला.

"पुडी मी खाल्लंयच नाय. तपासूक नेलंय. तू कबूल आसंस म्हणान कागद लिवलंय. त्येच्यार अंगठो तुझो म्हणान माझोच उठयलंय."

"माका सही येता गो," अक्का म्हणाल्या. "चवथी पास आसंय मी."

रसिकाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. अक्का ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"काय दिसला तपासून?" अक्कांनी हळूच विचारलं.

"पुडी खरी आसा, अक्का. जंतू रवणतच नाय तिच्याफुडे. पण तुझ्या परड्यातल्या मुळांत काय्येक गावला नाय. एकात पण नाय."

अक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग उठल्या, मागच्या परड्यात गेल्या आणि नारळ घेऊन आल्या. शेंडीचा लाल दोरा रसिकाने ओळखला.

"ह्यो घेऊन जा."

"रागावलंस?"

"तुझ्यार नाय. उंबऱ्यावरचो खयचोच नारळ मी फोडणंय नाय. परड्यात पडान आसत सगळे."

रसिकाला पुढे विचारायचं धाडस झालं नाही. आपला खोटा नारळ त्या घरात नको होता, एवढंच तिला कळलं. तिने तो दोन्ही हातांनी घेतला.

"सोमवारी मी सगळा खरा सांगतलंय," ती म्हणाली. "फसवून आणलंय म्हणान. काम गेला तर गेला."

"सांग," अक्का म्हणाल्या. त्यांची नजर ओटीवरच्या फोटोवर होती. "तुका जमतला ता."

फाटकापर्यंत पोचवायला त्या आल्या नाहीत. आतून किशोरीने हाक मारली, तशा त्या मागच्या पडवीकडे वळल्या.

सदानंद लावणीच्या तापाने गेला, त्या वर्षी अक्कांच्या पुडीत नुसतं मूळ होतं. किशोरीच्या पिशवीतल्या कॅप्सूल फोडून पुडीत मिसळायला त्यांनी सुरुवात केली, ती त्याचं तेरावं झाल्यावर.