एकमेव विजेता

एफ, एम, एस. निवलेला चहा. पाठीला चिकटपट्टी लावलेला शब्दकोश. "अगं, तो मिक्सर बंद कर, मला सुचत नाहीये!"

निवृत्त झाल्यावर हेडसरांनी अंथरूणच धरलं होतं. त्यांना उठवलं ते वर्तमानपत्रातल्या कोड्यानं. तीन अक्षरं दिलेली असायची आणि ती तिन्ही असलेला लांबात लांब इंग्रजी शब्द वाचकांनी शोधायचा. पुढे कोडं छापायचं बंद झालं, पण लगेच रोज सकाळी फोनवर येऊ लागलं म्हणून बरं. नाहीतर सर पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपले असते.

"ट्रान्सफॉर्मेशन! चौदा अक्षरी!" सरांनी उत्तर पाठवून दिलं.

"अहो, आता तरी अंघोळ उरका," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली.

"तुला काय कळणार यातलं? तू बस आपली फोनमध्ये डोकं घालून."

तेवढ्यात सरांचा फोन वाजला. 'अभिनंदन! आजचे एकमेव विजेते आपणच.'

सरांची छाती फुगली. "बघ! सलग दोनशे दिवस मी एकटाच! बाकीच्यांच्या इंग्रजीची नुसती बोंब आहे."

"बाई गं! मग विजेत्यांनी अंघोळीला जावं. पाणी निवतंय."

सर शीळ घालत बाथरूममध्ये गेले.

 

कोडं छापायचं बंद झालं, त्याच आठवड्यात बायकोनं दुसरं सिमकार्ड घेतलं होतं.