हसण्यासारखे काही नाही

वडशाच्या सरफराजनं सिनेमा काढला, एकाच हापशीचं तीनदा उद्घाटन करणाऱ्या पुढाऱ्याचा. परवानगी देणारे साहेब केबिनचं दार लावून तो बघताना इतके हसले, की त्यांना चष्मा पुसावा लागला.

मग गंभीर होत म्हणाले, "सरकारवर हसणं नियमात बसत नाही."

"मंग दोन वर्साची मेहनत पाण्यात का, सायेब?"

साहेबांनी बराच वेळ पेन चावला आणि लिहिलं, 'सदर चित्रपटात हसण्यासारखे काहीही आढळले नाही. परवानगी देण्यात येते.' अट एकच, हे सहीशिक्क्यानिशी पोस्टरवर छापायचं.

"असं पोस्टर पाहून कोण येईन जी?" बायको, अमरीन, कावली.

तरी सरफराजनं पहिल्या खेळाला रीतीप्रमाणे साहेबांनाच प्रमुख पाहुणे केलं. शाल-श्रीफळ देऊन पडद्याशेजारच्या मानाच्या खुर्चीत, लोकांकडे तोंड करून बसवलं. पिक्चरभर साहेब शाल तोंडात कोंबून गदगद हलत होते.


दुसऱ्या दिवशी तिकिटाच्या रांगेत सगळ्यांचा एकच प्रश्न होता, "आज सायेब येऊन राह्यले का? नाईतर आमी उद्या येतो."