शेवाळांची शास्त्रज्ञ

“मॅडम, ही बाई अस्तित्वातच नाही,” विद्यार्थिनी म्हणाली.

ग्रंथपालबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. विद्यापीठात आलेली पोरं इंटरनेटवर नीट शोधतात की समोर येईल ते गिळतात, हे तपासायची परीक्षा त्या दर सत्रात घेत. मुलांना एक वेबसाइट दाखवायची आणि विचारायचं, हिच्यावर किती विश्वास ठेवाल, आणि का? वेबसाइट एका शास्त्रज्ञ बाईची होती. ती समुद्रातल्या शेवाळांचा अभ्यास करायची. फोटो, पदव्या, शोधनिबंध, बोटीवरची टिपणं, सगळं जिथल्या तिथं होतं. आणि सगळं बनावट होतं. ते रचलं होतं ग्रंथपालबाईंनीच.

आजवर एकाही पठ्ठ्याने ते पकडलं नव्हतं. इतकी देखणी वेबसाइट खोटी कशी असेल, असं सगळ्यांचं म्हणणं. एकाने तर त्या शास्त्रज्ञ बाईंना ईमेल केली होती, तुमच्या हाताखाली शिकायचंय म्हणून. ग्रंथपालबाईंनी त्याला उत्तर दिलं होतं. त्या शास्त्रज्ञ बाईच्या नावाने. लिहिताना त्यांना जराही खोटं वाटलं नव्हतं, आणि त्याचीच नंतर भीती वाटली होती.

फोटो तेवढा खरा होता. बाईंच्या धाकट्या बहिणीचा, खारूचा. कॉलेजच्या सहलीत बोट उलटली. बाकीच्या मुली सापडल्या, खारू सापडली नाही. सापडली नाही म्हणजे गेली, असं घरात कुणी कधी म्हटलंच नाही. आई आजही ‘खारूला हे आवडतं’, ‘खारू असंच करते’ असं बोलायची. आईचा जीव या एकाच धाग्याला लटकलाय हे बाईंनी ओळखलं होतं. तो तुटू नये म्हणून त्याही तसंच बोलत आल्या. परीक्षेसाठी वेबसाइट करायची वेळ आली, तेव्हा हात आपोआप अल्बमकडे गेला. हा फोटो कधी घराबाहेर गेलेला नाही, म्हणजे कुणाला शोधून सापडणार नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

मग ती शास्त्रज्ञ वाढतच गेली. दर सुट्टीत बाई तिला नवी मोहीम द्यायच्या, नवा समुद्र द्यायच्या. एकदा आई मागे येऊन उभी राहिली. बराच वेळ स्क्रीनकडे बघून म्हणाली, केस बांधायला हवे होते हिने. तेव्हापासून जेवताना ती विचारायची, आता कुठल्या समुद्रावर आहे? बाई सांगायच्या. आई मान डोलवायची आणि त्यांच्या ताटात आणखी थोडा भात वाढायची. कधी कधी बाईंना जिन्यावर ओल्या चपलांचा आवाज ऐकू यायचा. त्या हातातलं काम टाकून दार उघडायच्या. जिना कोरडा असायचा. आई काही विचारायची नाही.

“तुला कसं कळलं?” बाईंनी विचारलं.

पोरगी हुशार होती. शोधनिबंध शोधायच्या भानगडीत ती पडलीच नव्हती. तिने सरळ फोटोवरून शोध घेतला होता. तोच फोटो आणखी एका ठिकाणी निघाला होता. तिने लॅपटॉप बाईंकडे वळवला.

एका छोट्या वर्तमानपत्राचं स्मरणाचं पान होतं. त्यात खारू होती, मोकळ्या केसांची, हसणारी. खाली कविता नव्हती, देवाधर्माचं काही नव्हतं. एवढंच होतं: ‘खारू, तुला जाऊन आणखी एक वर्ष झालं. तुझी आई.’ विद्यार्थिनीने मागच्या वर्षीचं पान उघडून दाखवलं. मग त्याच्या मागचं. तारीख तीच, ओळ तीच.

“मॅडम, ज्याने कुणी ही वेबसाइट बनवली त्याने हा फोटो इथूनच उचलला असणार,” ती म्हणाली. “बरं नाही केलं. त्या आईला कळलं तर तिला काय वाटेल?”

बाईंनी तिला पूर्ण गुण दिले. आकडा त्यांनी दोनदा गिरवला.

त्या घरी आल्या तेव्हा आई टेबलाशी मटार सोलत बसली होती. तिने नेहमीसारखं विचारलं, काय म्हणतेय खारू, कुठे आहे सध्या? बाईंनी आज समुद्राचं नाव सांगितलं नाही. त्यांनी खुर्ची ओढली, समोर बसल्या आणि हळू आवाजात विचारलं, पेपरात ते दरवर्षी तू देतेस का?

आईचे हात थांबले. ती रागावली नाही, दचकलीही नाही. हातातली शेंग तिने भांड्याच्या कडेला ठेवली. लहानपणी ताप उतरलाय का बघताना बघायची, तशी ती लेकीच्या तोंडाकडे बघत राहिली.

“देते,” ती म्हणाली. “त्या दिवशीचा पेपर तू उठायच्या आत लपवून ठेवते. तू अजून तिची वाट बघतेस, तुला कुठल्या तोंडाने सांगणार होते मी?”