बाराला पुसायचा लेख

"आजार अज्ञात," तापाने फणफणलेल्या पोरीला तपासून वॉर्डातल्या यंत्राने तिसऱ्यांदा सांगितलं. हॉस्पिटलच्या ग्रंथपाल हेमांगीताईंना मात्र त्या पोरीचा ताप साठ वर्षांपूर्वीच्या एका लेखात सापडला, उपचारासकट. दहा वर्षांहून जुनं सगळं संशोधन पुसायच्या हुकमाप्रमाणे तो लेख दुपारी बाराला जाणार होता. त्या धावतच आयटी विभागात गेल्या. विभागप्रमुख मुजावरांनी लेख डॉक्टरांना पाठवला आणि बाकीचं जुनं संशोधनही वाचावं म्हणून सर्व्हरला लावलेली पुसायची किल्लीच काढून हेमांगीताईंच्या हातात ठेवली.

बारा वाजून गेले, तसा हॉस्पिटलच्या अधिष्ठात्यांचा फोन आला. "मुजावर, किल्ली लावा, नाहीतर तुमच्या जागी दुसरा माणूस बसवतो!"

हेमांगीताईंनी फोन ओढून घेतला. "खुशाल बसवा, सर. किल्ली आता ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात जमा झालीय. तिथलं काहीच आम्ही बाहेर देत नाही. तुम्हालाही नाही."