शेजाऱ्यांहून जरासा उजळ

समुद्राच्या रडार-चित्रांवर पांढरे दाणे उमटतात. ते पुसणं माझं काम. प्रत्येक ठिपका शेजाऱ्यांच्या सरासरीत मिसळायचा. शेजाराची चौकट मोठी धरली की चित्र नितळ, लहान धरली की बारकावे टिकतात. दादाची होडी बेपत्ता झाल्यावर साहेब म्हणाले, “स्वच्छ चित्र दे. शोधाच्या बोटी दाण्यादाण्यामागे धावायला नकोत.” मी चौकट वाढवली. उत्तरेचा समुद्र कोरा निघाला, शोध दक्षिणेकडे वळला. नवव्या दिवशी रिकामी होडी उत्तरेलाच सापडली. मूळ चित्रात तिकडेच एक ठिपका होता, शेजाऱ्यांहून जरासा उजळ. दोन्ही चित्रं छापून वहिनीकडे गेले. बोलायचं ते जिन्यात पाठ केलं. दारातच ती म्हणाली, “वन्सं, रडारचं चित्र तुम्ही स्वतः बघितलंत, म्हणून मन शांत आहे. ते चित्र द्याल? पोरांना दाखवीन, आत्यानं समुद्र पालथा घातला होता.” मी पिशवीतून नितळ चित्र काढलं.