बाहेर आलेली ओळ

बाबा गेल्यावर त्यांचा अर्धवट शब्दकोश मीच छपाईसाठी संगणकावर जुळवायला घेतला. पानाला दोन रकाने. प्रत्येक नोंदीची पहिली ओळ कडेला, बाकीच्या जरा आत. “शब्द दारात उभा राहतो, अर्थ घरात बसतो,” बाबा म्हणायचे.

सोमवारी ‘चौकशी’ या शब्दाची दुसरी ओळ आपोआप कडेला आली. तिची सुरुवात होती ‘जेवलीस’. मी ती आत ढकलली.

मंगळवारी शेजारच्या रकान्यातली एक ओळ बाहेर आली. तिची सुरुवात होती ‘का’.

रोज दुपारी बाबा हेच विचारायचे. मला हसूच आलं. डबा पिशवीत तसाच होता, तरी मी स्क्रीनकडे बघून म्हटलं, “हो बाबा, जेवले.”

माझ्या डोळ्यांदेखत ‘लबाड’ या शब्दाखालची ओळ हळूच कडेला सरकली.

‘खोटारडी’.