दुसरा आवाज

"माझ्या आवाजाखाली ताईचा आवाज घाल, मगच मी पुढचं गाते." तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "नाहीतर हा अल्बम राहू दे."

प्रोड्यूसरने मुकाट्याने गाणं बंद केलं. आठवडाभर हेच चाललं होतं. ती यायची, एक कडवं गायची, बाहेर येऊन ऐकायची आणि तोंड वाकडं करून बसायची. गाण्यात खोट नव्हती. सूर जागच्या जागी होते, गिटारही दणक्यात वाजली होती. पण स्वतःचा एकटा आवाज ऐकला की तिला उघडं पडल्यासारखं वाटायचं, आणि त्या भीतीपुढे कोणाचं काही चालत नव्हतं.

एरवी ही बाई भिणाऱ्यातली नव्हे. सगळे तिला तोफ म्हणत. हे नाव शेजाऱ्यांनी ठेवलं होतं, आणि कौतुकाने मुळीच ठेवलं नव्हतं. मैदानात ती गायला लागली की समोरची अख्खी गर्दी घसा फाडून तिला साथ देई. तिचे आधीचे चारही अल्बम मास्तरांनी, म्हणजे जुन्या प्रोड्यूसरने, केले होते. मास्तरांचा खाक्या एकच, सगळं भरगच्च हवं. गिटारीवर गिटार, त्यावर एको, आणि गाणारीचा आवाज असा जाड की ऐकणाऱ्याच्या छातीवर येऊन बसावा. त्या जाडीत निम्मा वाटा ताईचा, तिच्या मोठ्या बहिणीचा आहे, हे तिने केव्हाच गृहीत धरलं होतं. रेकॉर्डिंगच्या वेळी ताई काचेपलीकडच्या खोलीत दुसऱ्या माईकसमोर उभी असायची. प्रत्येक कव्हरवर 'दुसरा आवाज' म्हणून ताईचं नाव छापलेलं होतं.

मास्तर गेले. ताईच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि तिच्याकडे नुसती कुजबुज उरली. नव्या प्रोड्यूसरला भरगच्च म्हटलं की अंगावर काटा यायचा. त्याला एक गिटार, एक ड्रम आणि एकच आवाज हवा होता, तोही एकोशिवाय. "तुम्ही शेजारच्या खुर्चीत बसून गाताय असं वाटलं पाहिजे," त्याने सुरुवातीलाच सांगितलं होतं.

"शेजारच्या खुर्चीत बसून मी ओरडले तर लोक उठून जातील," ती म्हणाली होती.

आज मात्र त्याने माघार घेतली. हट्टी माणसाशी हट्टाने वागून भागत नाही, एवढं त्याला कळलं होतं.

"मास्तरांच्या जुन्या टेपा मी कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्यात," तो म्हणाला. "ताईंचा माईक वेगळा रेकॉर्ड केलेला आहे. त्यातले लांब स्वर उचलतो आणि तुमच्याखाली पसरतो. मग तर झालं?"

"हे आधीच सुचायला काय झालं होतं?" तोफेचा चेहरा खुलला.

मागच्या सोफ्यावर शब्दकोडं सोडवत बसलेल्या ताईने पेन्सिल खाली ठेवली. "राहू दे ना," ती कुजबुजली. "कशाला जुनं उकरता?"

"तू गप्प बस गं. तुझ्या आवाजाला भाव आलाय."

प्रोड्यूसरने तोफेचं सगळ्यात गाजलेलं गाणं उघडलं. एकेक करून गिटारी बंद केल्या, ड्रम बंद केले, तोफेचा आवाज बंद केला. ताईचा माईक तेवढा ठेवला. स्पीकरमधून काहीच येईना. वायर सुटली असेल म्हणून त्याने वाकून पाहिलं, मग आवाज वाढवला. आता एक श्वास ऐकू आला. ठेक्यावर हलकेच पडणारं पाऊल ऐकू आलं. ताईच्या हेडफोनमधून झिरपलेलं तोफेचं गाणं अगदी बारीक, लांबून आल्यासारखं ऐकू आलं. ताईचा स्वर कुठेच नव्हता. त्याने दुसरं गाणं उघडलं, मग शेवटच्या अल्बममधलं एक. सगळीकडे तेच.

"मग गाण्यातला तो जाड आवाज कोणाचा?" तोफेने विचारलं.

त्याने तोफेच्या आवाजाचे ट्रॅक उघडले. मास्तर तिच्याकडून प्रत्येक गाणं पुन्हा पुन्हा गाऊन घेत. त्यातलं बरं ते ठेवतात, अशी तिची समजूत होती. त्यांनी सगळीच ठेवली होती, एकावर एक रचून.

"तुम्हीच," प्रोड्यूसर म्हणाला. "या सगळ्या तुम्हीच आहात."

ती ताईकडे वळली. "मला काचेतून दिसायचीस की तू. तुझे ओठ हलायचे."

"पहिल्या दिवशी गायले होते मी," ताई म्हणाली. ऐकायला दोघांनाही पुढे वाकावं लागलं. "मास्तरांनी मला बाहेर बोलावलं. म्हणाले, तुझा आवाज कानावर आला की ही आपला आवरता घेते, मोठ्या बहिणीच्या पुढे जात नाही. आणि तू दिसली नाहीस तर तोंडच उघडत नाही. तेव्हा तू तिला नुसती दिस. ऐकू येऊ नकोस."

"आणि तू हो म्हणालीस?"

"मग तू कशी गायला लागलीस ते ऐकलं ना. त्यावर काय बोलणार?"

प्रोड्यूसर उगाचच स्क्रीनमध्ये डोकं घालून बसला. तोफेला आधी सुटल्यासारखं वाटलं. तो आवाज सगळा तिचा होता, आता तिला कोणाच्या आधाराची गरज नव्हती. मग त्या सुटकेचीच तिला लाज वाटली. तिने हेडफोन उचलला आणि गाण्याच्या खोलीचं दार उघडलं. पण पाय आत पडेना.

"ताई," तिने मागे न बघता विचारलं, "तुला गायचं नव्हतं का गं?"

ताईने पेन्सिल पुन्हा हातात घेतली.

"होतं ना," ती म्हणाली. "तुझ्याइतकंच होतं."